बहुमताचा ठराव आणि घराची किल्ली

पुण्या-मुंबईत भाड्याचं घर शोधलेल्या मराठी मुसलमानाला पुढचा प्रसंग नवा वाटणार नाही. काही वर्षांपूर्वी मी पुण्यात घर शोधत होतो. एजंटने दोन खोल्यांचं बऱ्यापैकी घर दाखवलं. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. करारनाम्यासाठी त्याने आधार कार्ड मागितलं, त्यावरचं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. तोवर माझं मराठी ऐकून त्याने मला कुणी जाधव-कुलकर्णी समजलेलं असावं. संध्याकाळी त्याचा फोन आला. “सर, तुमच्याबद्दल काही नाही हो. मालकांचीही हरकत नाही. पण सोसायटीच्या जनरल बॉडीत ठराव झालाय. सगळ्यांनी हात वर करून केलाय. बहुमताने ठरल्यावर मी काय करणार?”

नकार मला नवा नव्हता. याआधी “कालच घर गेलं”, “गावाकडून पाहुणे येणार आहेत” अशी सबब ऐकू यायची. सबब सांगणाऱ्याला आपण काहीतरी चुकीचं करतोय याची निदान जाणीव असते, म्हणून तर तो सबब शोधतो. इथे सबब नव्हती. इथे ठराव होता. रीतसर सभा बोलावून, हात मोजून, वहीत लिहिलेला. म्हणजे माझ्यावरचा अन्याय लोकशाही पद्धतीने झाला होता. ‘बहुमताने ठरलंय’ या वाक्याला काय उत्तर द्यायचं, हे मला त्या संध्याकाळी सुचलं नाही.

पुढे अमेरिकेतल्या राज्यांमधल्या थेट लोकशाहीविषयी वाचत असताना कळलं, की नेमका हाच प्रश्न १९६४ साली कॅलिफोर्नियात मतपत्रिकेवर आला होता. सोसायटीच्या तीस-चाळीस सभासदांसमोर नव्हे, अख्ख्या राज्याच्या मतदारांसमोर. त्याचा निकाल आणि त्यानंतर जे घडलं, ते आपण सगळ्यांनी समजून घेण्यासारखं आहे.

कायदा लोकांनीच लिहायचा

आपल्याकडे मतदार आमदार निवडतो आणि पाच वर्षं घरी बसतो. कायदे विधानसभा करते. अमेरिकेत केंद्राच्या पातळीवर असंच आहे. पण तिथल्या प्रत्येक राज्याला स्वतःची वेगळी घटना आहे, आणि सुमारे निम्म्या राज्यांत मतदारांना स्वतः कायद्याचा मसुदा लिहून तो थेट मतदानाला लावता येतो. विधिमंडळाने केलेला कायदा नको असेल, तर बऱ्याच राज्यांत सह्या गोळा करून त्यावरही मतदान घ्यायला लावता येतं. राज्याची घटना बदलायची असेल, तर डेलावेअर सोडून सगळ्या राज्यांत शेवटचा शब्द मतदारांचा असतो.

ही कल्पना त्यांनी स्वित्झर्लंडकडून उचलली. १८९८ मध्ये साउथ डकोटाने पहिल्यांदा ती स्वीकारली, १९०२ मध्ये ओरेगॉनने. कॅलिफोर्नियात त्या काळी सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा दबदबा असा होता, की आमदार लोकांचे कमी आणि रेल्वेचे जास्त, अशी स्थिती होती. हायरम जॉन्सन नावाचा वकील ‘रेल्वेला राजकारणातून बाहेर काढतो’ असं सांगत १९१० मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आला. ऑक्टोबर १९११ मध्ये तिथल्या मतदारांनी कायदा करण्याचा थेट अधिकार आपल्या घटनेत लिहून घेतला. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रश्नही होता. तो अवघ्या ३,५८७ मतांच्या फरकाने मंजूर झाला. अमेरिकेच्या घटनेत स्त्रियांना हा हक्क मिळायला १९२० साल उजाडलं.

पद्धत साधी आहे, सोपी मात्र नाही. कॅलिफोर्नियात कायद्याचा मसुदा राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे द्यायचा. तो त्याचं नाव आणि सारांश लिहून देतो. मग १८० दिवसांत सह्या गोळा करायच्या. साध्या कायद्यासाठी मागच्या गव्हर्नर निवडणुकीत पडलेल्या एकूण मतांच्या ५ टक्के, राज्यघटना बदलायची असेल तर ८ टक्के. म्हणजे आज पाच ते नऊ लाखांच्या घरात सह्या लागतात, आणि त्या नोंदणीकृत मतदारांच्याच असाव्या लागतात. निवडणुकीआधी मतदारांना एक पुस्तिका मिळते. तीत प्रत्येक प्रस्तावाच्या बाजूचं म्हणणं असतं, विरोधातलं असतं, सरकारी तिजोरीवर काय परिणाम होईल तेही असतं.

हे वाचताना मला प्रामाणिकपणे हेवा वाटला. आमदारांची मिनतवारी नाही, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणं नाही. पटलं तर लिहा, सह्या जमवा, लोकांना पटवा. पण कॅलिफोर्नियाच्याच इतिहासातला १९६४ चा ‘प्रस्ताव १४’ वाचला आणि हेवा आवरता घ्यावा लागला.

‘ज्याला द्यायचं त्याला देईन’

१९६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने एक कायदा केला. घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश, वर्ण, धर्म पाहून कुणाला नाकारता येणार नाही, असा तो कायदा. मांडणारे आमदार होते विल्यम बायरन रम्फर्ड. ते स्वतः कृष्णवर्णीय होते. कायद्याला त्यांचंच नाव पडलं.

घरांची खरेदी-विक्री करणाऱ्या दलालांच्या संघटनेला हा कायदा सहन झाला नाही. त्यांनी थेट लोकशाहीचं हत्यार उचललं. सह्या गोळा केल्या आणि राज्याच्या घटनेत बदल करण्याचा प्रस्ताव मतदानाला लावला. त्याचा मथितार्थ असा : मालकाला आपली मालमत्ता त्याच्या मर्जीप्रमाणे ज्याला द्यायची त्याला देण्याचा, नाकारायची त्याला नाकारण्याचा अधिकार राहील आणि सरकार त्यात आडवं येणार नाही. मसुद्यात ‘काळा’ हा शब्द कुठेही नव्हता. सगळा प्रचार ‘मालकाचं स्वातंत्र्य’ या नावाने झाला. पण कुणाला नाकारण्याचं स्वातंत्र्य हवं आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

३ नोव्हेंबर १९६४ रोजी मतदान झालं. प्रस्तावाच्या बाजूने सुमारे ४५ लाख, विरोधात सुमारे २४ लाख. जवळपास ६५ टक्के लोक भेदभावाच्या बाजूने. गंमत म्हणजे त्याच दिवशी याच मतदारांनी अध्यक्षपदासाठी लिंडन जॉन्सन यांना भरघोस मतं दिली. वर्णभेदाविरुद्धच्या ऐतिहासिक नागरी हक्क कायद्यावर चारच महिन्यांपूर्वी सही केलेले ते हेच जॉन्सन. म्हणजे दूरच्या दक्षिणेत काळ्यांना न्याय मिळावा, हे त्यांना मान्य होतं. आपल्या शेजारच्या घरात ते राहायला यावेत, हे मात्र नको होतं. असे सज्जन आपल्यालाही परिचयाचे आहेत. ते ईदला शीरखुर्मा प्यायला प्रेमाने येतात आणि घराचा विषय निघाला, की “सोसायटीचं काय करायचं?” म्हणतात.

सांता आना शहरात मल्की या कृष्णवर्णीय दांपत्याला भाड्याचं घर नाकारण्यात आलं होतं. प्रकरण न्यायालयात गेलं. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रस्ताव १४ घटनाबाह्य ठरवला. मे १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की एखाद्या मालकाने मनात भेदभाव बाळगणं वेगळं आणि राज्याने आपल्या घटनेत त्या भेदभावाला संरक्षण देऊन त्याची पाठ थोपटणं वेगळं. कायद्यापुढे समानता देणाऱ्या देशाच्या घटनेत हे बसत नाही.

एजंटला मला त्या दिवशी जे उत्तर देता आलं नव्हतं, ते इथे आहे. ४५ लाख लोकांनी मिळून केलेला ठरावही काही दारं बंद करू शकत नाही.

सत्तर टक्के लोकांची भीती

कुणी म्हणेल, ही साठ वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. मग अलीकडची घ्या, आणि ती थेट मुसलमानांविषयीची आहे. २ नोव्हेंबर २०१० रोजी ओक्लाहोमा राज्यात ‘प्रश्न ७५५’ मतदानाला आला. राज्यातल्या न्यायालयांनी आंतरराष्ट्रीय कायदा आणि शरियत विचारात घेऊ नये, अशी घटनादुरुस्ती त्यात होती. हा प्रस्ताव सह्या गोळा करून आलेला नव्हता. विधिमंडळानेच तो मतदारांकडे पाठवला होता. राज्यात मुसलमान एक टक्काही नाहीत. तरीही सुमारे ७० टक्के मतदारांनी त्याला होकार दिला.

मुनीर अवाद नावाच्या तिथल्या मुस्लिम कार्यकर्त्याने न्यायालयात दाद मागितली. त्याच्या मुद्द्यांमधला एक आपल्या घरातला आहे. त्याने आपल्या वसीयतीत शरियतचा उल्लेख केला होता. ख्रिस्ती माणसाची धार्मिक इच्छा न्यायालय पाहील, ज्यू माणसाची पाहील, मग माझ्याच मृत्युपत्राला हात लावायला मनाई का, असा त्याचा सवाल होता. न्यायालयाने दुरुस्ती अमलात येण्याआधीच रोखली. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली आणि २०१३ मध्ये तो विषय कायमचा बंद झाला. सुनावणीत राज्याच्या बाजूला विचारलं गेलं, की ओक्लाहोमाच्या एखाद्या न्यायालयाने शरियतनुसार निकाल दिल्याचं एक तरी उदाहरण आहे का? एकही नव्हतं. जे कधी घडलंच नाही, त्याच्या भीतीने सत्तर टक्के लोकांनी राज्याची घटना बदलायला होकार दिला होता.

इथवर वाचून आपल्यातला कुणी म्हणेल, “बघा, बहुमताच्या हातात थेट सत्ता दिली की असंच होणार. आपल्याला तर ही भानगडच नको.” माझीही पहिली प्रतिक्रिया तीच होती. पण मग फ्लोरिडाची गोष्ट कुठे बसवायची?

फ्लोरिडातली उलटी गोष्ट

फ्लोरिडात गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाचा मताधिकार शिक्षा भोगून झाल्यावरही परत मिळत नसे. गव्हर्नर आणि त्यांच्या मंडळाकडे अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. सुमारे १४ लाख माणसं अशी मतदार यादीबाहेर होती. राज्यातल्या प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी पाचात एकाहून अधिक जण त्यांत येत.

डेसमंड मीड हे त्यांच्यातलेच एक. तुरुंग भोगलेला, बेघर राहिलेला, नंतर कायद्याची पदवी घेतलेला माणूस. त्यांची पत्नी विधिमंडळाच्या निवडणुकीला उभी राहिली, तेव्हा नवऱ्याला तिला मत देता आलं नव्हतं. मीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यभर फिरून आठ लाखांहून अधिक वैध सह्या जमवल्या. प्रस्ताव असा : शिक्षा पूर्ण भोगली, की मताधिकार आपोआप परत. खून आणि लैंगिक गुन्हे वगळून.

फ्लोरिडात घटनादुरुस्तीला ६० टक्के मतं लागतात. ६ नोव्हेंबर २०१८ रोजी या प्रस्तावाला ६४ टक्क्यांहून अधिक, म्हणजे ५१ लाखांवर मतं पडली. त्याच दिवशी गव्हर्नर म्हणून निवडून आलेल्या रॉन डिसँटिस यांना त्याहून दहा लाख मतं कमी होती. याचा अर्थ दोन्ही पक्षांच्या मतदारांनी ‘हो’ म्हटलं. ज्यांच्यासाठी हे मतदान होतं, त्यांना स्वतःला मत देता येत नव्हतं. गुन्हेगार म्हणून ज्यांच्याकडे लोक पाठ फिरवतात, अशा माणसांसाठी बाकीच्यांनी हात वर केला.

शेवट मात्र पूर्ण गोड नाही. २०१९ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, की ‘शिक्षा पूर्ण’ याचा अर्थ सगळा दंड आणि न्यायालयीन शुल्कही भरलेलं असलं पाहिजे. कुणाकडे नेमकी किती बाकी आहे, हे सांगणारी एकत्रित नोंदही राज्याकडे नव्हती. २०२० मध्ये अपील न्यायालयाने सहा विरुद्ध चार मतांनी हा कायदा वैध ठरवला. लोकांनी पुढच्या दाराने दिलेलं बरंचसं आमदारांनी मागच्या दाराने काढून घेतलं. ओक्लाहोमात न्यायालय दुबळ्यांच्या बाजूने उभं राहिलं, इथे राहिलं नाही.

पैशाचाही मुद्दा आहे. रेल्वे कंपनीला वेसण घालायला जे हत्यार घडवलं, ते पुढे कंपन्यांच्याच हाती आलं. २०२० मध्ये उबर, लिफ्टसारख्या कंपन्यांनी चालकांना कामगार म्हणून मिळणारे हक्क द्यावे लागू नयेत, यासाठी कॅलिफोर्नियात प्रस्ताव २२ आणला, त्यावर २० कोटी डॉलरहून जास्त खर्च केला आणि जिंकला. सह्या गोळा करणं हा तिथे आता पगारी धंदा झाला आहे. तरी मिशिगनसारखं उदाहरणही आहे. तिथे सत्ताधारी पक्ष आपल्या सोयीने मतदारसंघ कापत. केटी फाही या तरुणीने २०१६ मध्ये फेसबुकवर एक साधी पोस्ट लिहिली, त्यातून हजारो स्वयंसेवक उभे राहिले, चार लाखांहून अधिक सह्या जमल्या आणि २०१८ मध्ये मतदारसंघ आखण्याचं काम आमदारांकडून काढून १३ नागरिकांच्या आयोगाकडे गेलं.

मग थेट लोकशाही चांगली की वाईट? मला वाटतं, हा प्रश्नच अपुरा आहे. या सगळ्या मतदानांकडे पाहताना मी एक साधी कसोटी लावतो. ठरावाचा भार कुणावर पडतो? मतदारसंघ कसे आखावेत, कर किती असावा, यांवरच्या निर्णयाची फळं मत देणाऱ्यालाही भोगावी लागतात. निर्णय चुकला तर त्यालाही चटका बसतो, म्हणून तो शहाणा होतो. प्रस्ताव १४ ला ‘हो’ म्हणणाऱ्या गोऱ्या घरमालकाला मात्र काहीच सोसायचं नव्हतं. ओक्लाहोमातल्या सत्तर टक्क्यांनाही नव्हतं. भार फक्त दुसऱ्यावर होता. ज्याचं ओझं फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर जाणार, तो विषय बहुमताचा नव्हे, हक्काचा आहे. तो मतपेटीत टाकायचाच नसतो. फ्लोरिडाने उलट केलं. आपल्याला काही मिळणार नसताना दुसऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. त्याला मी बहुमत नव्हे, माणुसकी म्हणेन.

आपल्याकडची बाटली

हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला त्याचं काय, असं वाटत असेल तर थोडं घराकडे वळू. भारताच्या राज्यघटनेत नागरिकांनी थेट मतदानाने कायदा करण्याची सोय नाही. मात्र थेट कौलाचा अनुभव आपल्याला आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात मतदान झालं : महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? विलीनीकरणाचं चिन्ह फूल, वेगळेपणाचं दोन पानं. ‘दोन पानं’ ३४,०२१ मतांनी जिंकली. महाराष्ट्रात अनेकांना तो निकाल लागला, पण मानला सगळ्यांनी.

दुसरं उदाहरण गावोगावचं आहे : उभी बाटली, आडवी बाटली. महाराष्ट्रात गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, तर दारूच्या दुकानावर गुप्त मतदान होतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. आमच्या सांगलीकडच्या गावी हे झालं, तेव्हा माझी खाला सत्तरीला आली होती. तिने आयुष्यात सही अशी निकाहनाम्यावर आणि बँकेतच केलेली. “मेरी सही से दुकान बंद होती क्या रे?” असं तिने मला हसत विचारलं होतं. सह्यांची पडताळणी झाली त्या दिवशी शेजारच्या शांताकाकू आणि ती एकमेकींचा हात धरून रांगेत उभ्या होत्या. दोघींच्या घरात दारूने एकेक माणूस गिळला होता. बाटली आडवी झाली. त्या दिवशी गावात हिंदू-मुसलमान असा हिशेब कुणी केला नाही, कारण दुकानाचा भार दोन्ही घरांवर सारखाच होता.

पण याच महाराष्ट्रात २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढी गावच्या ग्रामसभेने ठराव केला, की कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकान लावू द्यायचं नाही. गटविकास अधिकाऱ्यांनी तो घटनेत बसत नाही म्हणून रद्द ठरवला. दोन्हीकडे गावच बोललं, दोन्हीकडे बहुमतच होतं. एका ठिकाणी गावाने आपल्यावरचं ओझं उतरवलं, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्यावर चढवलं. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

आता हा आरसा आपल्याकडेही वळवला पाहिजे. आपल्या कितीतरी मोहल्ल्यांत जमातीची बैठक बसते आणि ‘सर्वांच्या संमतीने’ एखाद्या कुटुंबाशी रोटी-बेटी तोडते. कधी मुलीने मर्जीने लग्न केलं म्हणून, कधी कुणी जमातीचा निवाडा सोडून कोर्टात गेलं म्हणून. त्या ‘सर्वांच्या संमतीत’ एकही बाई नसते. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. २०१७ पासून तो लागू आहे. जातपंचायतींविरुद्ध तो आपल्याला पटतो. मग आपल्या जमातीला लागू झाला, की ‘मजहबमध्ये ढवळाढवळ’ कशी होते? सोसायटीचा ठराव मला छळतो, तसाच जमातीचा ठराव त्या मुलीच्या बापाला छळतो.

घराच्या बाबतीत आपल्याकडे रम्फर्ड यांच्यासारखा कायदा नाही. उलट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी सोसायटीचा सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा नियम वैध मानला. तेव्हा केवळ न्यायालयाकडे डोळे लावून चालणार नाही. अमेरिकेतही १९६७ चा तो निकाल पाच विरुद्ध चार असा लागला होता. एका न्यायमूर्तीचं मत फिरलं असतं तर मल्की दांपत्य हरलं असतं. पण १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीच प्रस्ताव १४ चा मजकूर आपल्या घटनेतून पुसून टाकला. न्यायालयाने कलम निष्प्रभ केलं, मनं वळायला दहा वर्षं गेली. ती वळवण्याचं काम कुणाला तरी दारोदार जाऊन करावं लागतं. आपण ग्रामसभेला जातो का? वॉर्डातल्या पाण्याच्या, कचऱ्याच्या, दारूच्या प्रश्नावर सह्या घेत फिरतो का? की आपल्यावर बेतल्यावरच आपल्याला घटना आठवते? जो शांताकाकूंच्या बाटलीसाठी रांगेत उभा राहिला नाही, त्याच्या घरासाठी शांताकाकूंनी हात वर का करावा?

मी आता कोंढव्यात राहतो. आमच्या सोसायटीत बहुतेक सभासद मुसलमान आहेत. गेल्या वर्षी जनरल बॉडीत ठराव आला : बॅचलर मुलांना घर भाड्याने द्यायचं नाही. वरच्या मजल्यावर बाहेरगावची चार मुलं राहत होती, रात्री उशिरापर्यंत दंगा करत. मी स्वतः त्यांच्यामुळे दोनदा झोपेतून उठलो होतो. चेअरमन म्हणाले, “मान्य असेल त्यांनी हात वर करा.” माझा हात अर्ध्यावर गेला होता. मग त्या एजंटचा फोन आठवला आणि हात खाली आला.

मी उभा राहून एवढंच विचारलं, “या ठरावाने आपल्यापैकी कुणाला काय सोसावं लागणार आहे?” थोडी कुरबुर झाली. एक हाजीसाहेब माझ्यावर रागावले. शेवटी ठराव बदलला. रात्री अकरानंतर कुणाच्याच घरातून मोठा आवाज येणार नाही, मग ते बॅचलर असोत, कुटुंब असो, की चेअरमनच्या मुलीच्या हळदीचा कार्यक्रम असो. हा ठराव बहुमताने मंजूर झाला. मीही हात वर केला.